कोळशाची भट्टी आणि उचलीचे ओझे

पुनरुत्थित प्रभू येशूने तिबिर्य सरोवराच्या काठी शिष्यांसाठी न्याहारी तयार केली, तेव्हा तेथे कोळशाचा विस्तव पेटलेला होता, असे संत योहान आपल्या शुभवर्तमानात नमूद करतो. हॉटेलातील तंदूर, लोहाराचा भाता, रस्त्याकडेची इस्त्री यांना आजही लाकडी कोळसा लागतो. परंतु तो पाडणारे हात आपल्या दृष्टीआडच राहतात.

महाराष्ट्रात हे काम प्रामुख्याने रायगड, ठाणे परिसरातील कातकरी बांधवांच्या वाट्याला आले आहे. खैरापासून काथ काढणारे म्हणून त्यांना कातकरी अथवा काथोडी हे नाव पडले. ब्रिटिश राजवटीतील वनकायद्यांनी त्यांचे जंगल राखीव झाले आणि जंगलाचा हा जाणता भूमिहीन मजूर बनला. कोलाम व माडिया गोंड यांच्याप्रमाणेच कातकरी ही राज्यातील विशेष असुरक्षित आदिम जमात म्हणून शासनाने मान्य केलेली आहे.

कोळसा पाडणे हे कष्टाचे व कौशल्याचे काम आहे. लाकडे तोडून त्यांची रास रचली जाते. तीवर गवत, पालापाचोळा व ओल्या मातीचा थर चढवून आत विस्तव सोडतात. लाकूड पेटू न देता अनेक दिवस मंद धुमसत ठेवावे लागते. मातीला तडा जाऊन हवा आत शिरली, तर सर्व कष्टांची राख होते. म्हणून नवरा-बायको रात्रंदिवस आळीपाळीने पहारा देतात. विषारी धूर, भाजण्याची भीती, दुरून आणावे लागणारे पाणी आणि प्लास्टिकच्या कागदाचे छप्पर अशा स्थितीत त्यांचे सहा-सात महिने जातात. एवढे करूनही लाकडाच्या वजनाच्या साधारण पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकाच कोळसा हाती येतो. मुले आईवडिलांबरोबर भट्टीवर जातात आणि त्यांची शाळा सुटते.

परंतु या धुरापेक्षाही जाचक आहे ती ‘उचल’. पावसाळ्यात काम नसते. अशा वेळी आजारपण, लग्न किंवा धान्य यांसाठी भट्टीमालक अथवा मुकादम आगाऊ रक्कम देतो. दिवाळीच्या सुमारास कुटुंब वाडी सोडून दूरच्या भट्टीवर, कधी परजिल्ह्यात तर कधी परराज्यात, जाते. आठवड्याला थोडी ‘खर्ची’ मिळते, तीही हिशेबात मांडली जाते. वही मालकाकडे असते. हंगाम संपल्यावर अनेकांच्या नावे कर्जच शिल्लक निघते आणि पुढील वर्षीही त्याच भट्टीवर जावे लागते. हिंगोली जिल्ह्यातील तांड्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना ‘उचल’ आणि ‘मुकादम’ हे शब्द नवे नाहीत. कोळशाची भट्टी आपल्यापासून दूर असली, तरी तिचा फास आपल्या परिचयाचा आहे.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. घटनेच्या २३व्या अनुच्छेदाने वेठबिगारी निषिद्ध ठरविली आहे. १९७६च्या वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियमाने अशा मजुराचे कर्ज रद्द केले आहे. ते वसूल करणे हाच गुन्हा आहे. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात राबविणे ही सक्तीची मजुरीच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली सांगितले. मजुरांची सुटका व पुनर्वसन ही जिल्हा प्रशासनाची जबाबदारी आहे. २०१६च्या केंद्रीय योजनेत मुक्त झालेल्या प्रौढ पुरुषास १ लाख, तर स्त्रिया व बालकांस २ लाख रुपयांच्या साहाय्याची तरतूद करण्यात आली. अडचण अशी, की अक्षरओळख नसलेल्या मजुराला आपले कर्ज कायद्याने संपले आहे, हेच कोणी सांगत नाही.

ख्रिस्तसभेला हा विषय परका नाही. मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी, ही अनुवादाच्या पुस्तकातील आज्ञा आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली आपल्या विश्वपत्रात न्याय्य वेतनाचा कैवार घेतला. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली धरतीचा आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकण्यास शिकविले. तिसऱ्या शतकात कोमाना नगरीत बिशपांची निवड चालू असता कोणीतरी थट्टेने अलेक्झांडर नावाच्या कोळसेवाल्याचे नाव सुचविले. संत ग्रेगरी यांनी त्याला बोलावून घेतले आणि काजळीखाली दडलेले त्याचे ज्ञान व पावित्र्य ओळखून त्यालाच बिशप केले. पुढे रक्तसाक्षी झालेल्या या संताचा सण ११ ऑगस्ट रोजी येतो.

संत ग्रेगरींप्रमाणे आपणही काजळीमागचा माणूस पाहू शकतो. आपल्या परिसरात भट्टी किंवा मजुरांचा तळ दिसल्यास त्यांची विचारपूस करावी. मुले शाळेत जातात काय, हिशेब त्यांना दाखविला जातो काय, घरी जाण्याची मोकळीक आहे काय, हे जाणून घ्यावे. अन्याय आढळल्यास तहसीलदार वा जिल्हाधिकारी कार्यालयास कळवावे; बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. राखेच्या बुधवारी कपाळी राख लावून घेताना, ज्यांच्या साऱ्या अंगावर वर्षभर राख असते त्या बंधुभगिनींचे आपणांस स्मरण व्हावे, आणि ते स्मरण कृतीत उतरावे, हीच प्रभुचरणी प्रार्थना.