पीएचडीचा पुरस्कार नेमका कशासाठी?

ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीसारख्या संस्थांनी उत्कृष्ट पीएचडी संशोधनाचे पुरस्कार जाहीर केले, की नव्या डॉक्टरांचे फोटो सगळीकडे फिरू लागतात. तुटपुंज्या विद्यावेतनावर वर्षानुवर्षं राबून प्रबंध पुरा करणाऱ्यांचं कौतुक व्हायलाच हवं. पण प्रबंधाची शाई वाळते न वाळते तोच त्यातलं टिकाऊ काय, हे निवड समितीने ठरवायचं कसं?

मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांचंच उदाहरण घ्या. बर्लिनमध्ये मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्या हाताखाली त्यांनी केलेला प्रयोग साधा होता. लोकांना मणी ओवणं, कोडी सोडवणं, मातीच्या आकृत्या करणं अशी वीसेक कामं द्यायची. निम्मी पूर्ण होऊ द्यायची, निम्मी मध्येच थांबवायची आणि शेवटी विचारायचं, काय काय आठवतं? अर्धवट राहिलेली कामं जवळपास दुप्पट आठवतात, असं त्यांना दिसलं. १९२७ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं आणि ‘झायगार्निक परिणाम’ पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. मालिकेचा भाग ऐन रंगात आला असताना का तोडतात, याचं उत्तर म्हणून आजही तोच सांगितला जातो.

लेविन यांचीच दुसरी विद्यार्थिनी मारिया ओव्स्यान्किना. थांबवलेलं काम माणूस कुणी न सांगता पुन्हा हाती घेतो का, हा त्यांचा प्रश्न. बहुतेक जण घेतात, असं त्यांनी १९२८ मध्ये मांडलं. हे नाव मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्याही कानावर क्वचितच पडतं.

या दोन्ही निष्कर्षांवर पुढे झालेले प्रयोग एकत्र तपासणारं विश्लेषण २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. अर्धवट कामं जास्त लक्षात राहतात, याला त्यात आधार मिळाला नाही. ती पुन्हा हाती घेण्याची ओढ मात्र खरी ठरली. बर्लिनमध्ये तेव्हा एकच पुरस्कार असता, तर तो कुणाला मिळाला असता हे उघड आहे. यात झायगार्निक यांना कमी लेखण्याचं कारण नाही. पुढे मॉस्कोत मनोविकारांच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत त्या होत्या, आणि लेविन यांच्या नावाचा पुरस्कार त्यांना १९८३ मध्ये मिळाला.

अमेरिकेतल्या नॅशव्हिलचे जे. रिडली स्ट्रूप यांची गोष्ट याच्या उलट. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत छापला, की शाईचा रंग सांगताना जीभ अडखळते, हे त्यांच्या पीएचडीच्या संशोधनातून पुढे आलं. १९३५ मध्ये ते छापून आलं. नंतर स्ट्रूप प्रयोगांपासून दूर गेले आणि बायबल शिकवण्यात रमले. त्यांची चाचणी आजही जगभर वापरली जाते.

चमकदार निष्कर्षांच्या मोहाने मानसशास्त्राचं मोठं नुकसान केलं आहे. २०१५ मध्ये शंभर प्रकाशित अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा सुमारे ३६ टक्क्यांतच पुन्हा ठळक निष्कर्ष मिळाला. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की पीएचडीच्या पुरस्कारात निष्कर्षाला गुण देऊच नयेत. प्रश्न कसदार होता का, प्रयोगाचा आराखडा आधीच नोंदवला होता का, आकडेवारी सर्वांना तपासायला खुली आहे का, एवढंच पाहावं. अपेक्षित परिणाम मिळाला नाही, असं प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या प्रबंधालाही तोच मान मिळावा.

पुढच्या वेळी अशी बातमी वाचाल, तेव्हा विजेत्याचं अभिनंदन जरूर करा. आणि तो प्रयोग दुसऱ्या कुणी करून पाहिला आहे का, हेही विचारा.