चार दिवस शी नाही, पण बाळ ठणठणीत

दीड-पावणेदोन महिन्यांचं बाळ. परवापर्यंत दिवसातून सहा-सात दुपटी खराब करणारं. आणि एकदम सगळं थांबतं. पहिला दिवस कुणाच्या लक्षातही येत नाही. दुसऱ्या दिवशी आजी विचारते, ‘आज झाली का गं त्याला?’ तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकू येऊन पोट चाचपून जातात. चौथ्या दिवशी सासरहून फोन येतो आणि बाळंतिणीची उलटतपासणी सुरू होते: वांगं खाल्लंस का, हरभऱ्याची डाळ खाल्लीस का, गार पाण्यात हात घातलेस का? ‘चार दिस झालं, पोरानं शी केली न्हाय,’ ही तक्रार माण-खटावपासून जत-आटपाडीपर्यंत कुठल्याही आरोग्य केंद्रात लसीकरणाच्या दिवशी ऐकू येते. विट्या-खानापुरातली सोनं-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायातली कुटुंबं देशभर विखुरलेली आहेत. तिथली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली असेल तर काळजीचे फोन आणखी लांबून येतात.

बाळ मात्र पाय झाडत पडलेलं असतं. दूध पितं, लंगोट ओले करतं, कुणी बोललं की हुंकार देतं.

तेव्हा मुख्य गोष्ट आधीच सांगते. फक्त अंगावरच्या दुधावर असलेल्या बाळाला साधारण दीड महिन्यानंतर चार दिवस, आठवडाभर, क्वचित दहा दिवसही शी झाली नाही, तरी तेवढ्यावरून ते आजारी ठरत नाही. बाळ नीट पीत असेल, दिवसातून सहा-सात वेळा लघवी करत असेल, वजन वाढत असेल, पोट मऊ असेल आणि शेवटी होणारी शी पातळ किंवा मलमासारखी मऊ असेल, तर तो बद्धकोष्ठ नव्हे. बद्धकोष्ठ ठरवायचा तो दिवस मोजून नव्हे, शी पाहून. रोज होते पण कोरड्या लेंड्या पडतात, तर तो बद्धकोष्ठ. आठव्या दिवशी झाली आणि दुपटं, झबलं, आजीची मांडी सगळं भिजवून गेली, तर बाळाचं पोट उत्तम चाललं आहे.

असं का होतं, याचं बरंचसं उत्तर दुधात आहे. आईच्या दुधातल्या प्रथिनांत साधारण ६० टक्के भाग सहज पचणाऱ्या व्हे प्रथिनांचा असतो आणि ४० टक्के केसीनचा. गाईम्हशीच्या दुधात केसीनच सुमारे ८० टक्के. त्याचं पोटात घट्ट दही लागतं. आईच्या दुधाचं तसं होत नाही. त्यातले साखरेचे काही प्रकार बाळाला पचतच नाहीत. ते पुढे मोठ्या आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचं खाद्य होतात आणि त्यामुळे शी मऊ राहते. पहिल्या महिन्यात पोटात दूध पडलं की आतडं लगेच हालचाल करतं, म्हणून दर पाजण्यामागे दुपटं बदलावं लागतं. दीड-दोन महिन्यांनी ही घाई ओसरते, पचनही मुरतं. दुधातला बहुतेक भाग अंगी लागतो, मागे उरतं ते थोडं, आणि ते बाहेर पडायला वेळ घेतं.

पहिल्या महिन्याचा हिशोब मात्र वेगळा आहे. एका टोकाची भीती घालवताना दुसऱ्या टोकाची बेफिकिरी यायला नको, म्हणून हे नीट लक्षात ठेवावं. जन्मल्यावर पहिल्या २४ तासांत, उशिरात उशिरा ४८ तासांत, काळी-हिरवी चिकट शी झालीच पाहिजे. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत ती पिवळी होते, दाणेदार, आणि दिवसातून तीन-चार वेळा तरी व्हायला हवी. पंधरा दिवसांच्या बाळाला दोन-दोन दिवस शी नाही, लघवीही कमी, तर पहिली शंका घ्यायची ती दूध पुरेसं पोचत नसल्याची. बाळ स्तन नीट धरतं का, रात्रीही पाजलं जातं का, दोन आठवड्यांच्या आत जन्माचं वजन परत आलं का, हे त्याच दिवशी कुणा जाणत्याकडून तपासून घ्यावं. दीड महिन्यानंतर जे ‘थांबा आणि पाहा’ म्हणता येतं, ते इथे म्हणता येत नाही.

आता घरगुती उपायांकडे वळू. खरं नुकसान तिथेच होतं.

पहिला मान गुटीचा. सहाण घेतात, त्यावर थोडं आईचं दूध किंवा पाणी, आणि मग एकेक मुळी उगाळायची: हिरडा, बेहडा, वेखंड, अतिविष, मुरुडशेंग, जायफळ, जेष्ठमध, सुंठ, हळकुंड. किती उगाळायचं? तर बाळ जेवढ्या महिन्यांचं तेवढे वळसे. या सगळ्यामागे आजीची माया आहे, नातवासाठी तासन्‌तास बसायची तयारी आहे, आणि तिच्याबद्दल मला आदरच आहे. पण वळसा हे काही माप नाही. एकीचा हात जड, दुसरीचा हलका. जायफळ जास्त उतरलं की बाळ गुंगतं आणि प्यायला उठत नाही. वेखंडातल्या एका घटकाने प्राण्यांवरच्या प्रयोगांत कर्करोग झालेला आढळला, म्हणून अमेरिकेने १९६८ सालीच ते खाद्यपदार्थांत वापरायला बंदी घातली. शिवाय त्या मुळ्या डब्यात महिनोन्‌महिने असतात, सहाण नुसती पुसून ठेवलेली असते. ज्या बाळाच्या पोटात आईच्या दुधाशिवाय काही गेलेलं नाही, त्याच्या पोटात यातून जंतू जातात. सहा महिन्यांपर्यंत गुटीची गरज नाही, असंच माझं स्पष्ट मत आहे.

गुटीत किंवा बोटावर चाटवला जाणारा मध तर वर्षाच्या आत अजिबात नको. त्यात कधीकधी बोटुलिझमच्या जिवाणूचे बीजाणू असतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्याच्या रुजतात आणि विष तयार करतात. तान्ह्यांचा हा आजार १९७६ साली कॅलिफोर्नियात प्रथम ओळखला गेला. आजार दुर्मीळ आहे, पण त्याची सुरुवात बहुधा शी अडण्यानेच होते. मग रडणं क्षीण होतं, चोखणं मंदावतं, मान आणि हातपाय लुळे पडतात. म्हणजे शी होण्यासाठी दिलेला मधच शी अडवू शकतो.

दुसरा उपाय विड्याच्या पानाच्या देठाचा. देठ एरंडेलात बुडवून शीच्या जागी घालायचा. कुठे साबणाची बारीक वडी घालतात. शी होते आणि घरभर सुटकेचा निःश्वास पडतो. पण ती जागा अतिशय नाजूक असते. देठाने किंवा साबणाने तिला चीर पडते, आग होते, आणि मग दुखतं म्हणून बाळ खरोखरच शी रोखून धरायला लागतं. दुसरं नुकसान हळू होतं. शी करताना पोटाने जोर लावायचा आणि त्याच वेळी खालचे स्नायू सैल सोडायचे असतात. मोठ्या माणसाला हे आपोआप जमतं, बाळाला शिकावं लागतं. म्हणूनच काही बाळं दहा-दहा मिनिटं कुंथतात, लालबुंद होतात, किंचाळतात, आणि शेवटी होते ती मऊच शी. पाहणाऱ्याचा जीव कासावीस होतो, पण हा आजार नाही, मेळ जमायचा राहिला आहे. काही आठवड्यांत तो जमतो. रोज देठ घातला तर तो जमायला उशीर होतो. अशा वेळी बाळाचे गुडघे हलकेच पोटाकडे दुमडावेत, सायकल चालवल्यासारखे पाय हलवावेत, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पोटावरून तेलाचा हात फिरवावा. एवढं पुरतं.

ग्राइप वॉटर १८५१ साली इंग्लंडातल्या नॉटिंगहॅममध्ये विल्यम वुडवर्डने बाजारात आणलं. तेही सहा महिन्यांच्या आत नको. पाणीही नको. माण-आटपाडीच्या एप्रिलमध्ये हे आजीला पटवणं अवघड जातं, पण आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. तहान लागली की बाळ जास्त वेळा पितं, इतकंच.

आणि बाळंतिणीला दोष देणं आधी थांबवा. ‘तुझं दूध जड आहे’ हे वाक्य ऐकून कितीतरी जणींनी पाजणं कमी केलं आणि वरचं दूध सुरू झालं. दूध जड नसतं. डाळ किंवा वांगं खाल्ल्याने बाळाची शी अडत नाही. पथ्याच्या नावाखाली तिची पालेभाजी आणि डाळ काढून घेतली तर बाळाचं काही साधत नाही आणि तिचं अंग मात्र भरून येत नाही.

वरचं दूध सुरू झालं की खरा बद्धकोष्ठ होऊ शकतो. हंगामात सातारा-सांगलीच्या साखर कारखान्यांवर बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. आई पहाटे फडात जाते, तान्हं बाळ खोपीत थोरल्या बहिणीजवळ राहतं, आणि पाणी घातलेलं गाईचं दूध बाटलीने दिलं जातं. त्या बाळाची कडक शी, रडणं, जुलाब हे सगळं खरं दुखणं आहे. ज्या बाळांची आपण उगाच काळजी करतो, त्यांच्यापेक्षा लक्ष हवं ते या बाळांकडे.

घरी जाऊन तान्ह्या बाळांकडे पाहायला आपल्याकडे यंत्रणा नाही असंही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच आरोग्यदूतांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले: त्या गावांतला नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला होता. २०११ पासून हेच काम देशभर आशाताईंकडे आलं. दवाखान्यात बाळंतपण झालं तर त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. नंतरची ठरलेली भेट एकदम तिसऱ्या महिन्यात, २०१८ च्या कार्यक्रमाप्रमाणे. नेमकी याच मधल्या काळात शी लांबायला लागते. बेचाळिसाव्या दिवसाची भेट उरकून आशाताई जातात आणि आठवडाभरात घर घाबरतं. मध्ये अडीच महिन्यांची लस असते, पण रांगेत उभं राहून हा प्रश्न विचारायला नव्या आईची जीभ रेटत नाही.

थांबायचं केव्हा नाही, हेही त्या घराला ठाऊक हवं. पहिल्या ४८ तासांत शी झाली नाही. पोट फुगून ताणलं आहे. उलटी हिरवी आहे. शीत रक्त आहे. बाळ मलूल आहे, चोखत नाही, तापलं आहे. अशा बाळाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं, हिरवी उलटी असेल तर त्याच तासाला. सुमारे पाच हजारांत एका बाळाच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशी तयारच झालेल्या नसतात, तो भाग सैल होत नाही. डॅनिश डॉक्टर हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ साली या आजाराचं वर्णन केलं, आणि त्यावर शस्त्रक्रिया होते. शी अडण्यासोबत बाळ सुस्त, घोगरं रडणारं, थंड अंगाचं असेल तर थायरॉईडची तपासणी हवी; उपचार लवकर सुरू झाले तर बुद्धीची वाढ वाचते. आणि शी रोज होते पण पांढरी किंवा राखाडी, शिवाय कावीळ पंधरा दिवसांनंतरही टिकून आहे, तर ते यकृताच्या पित्तनलिकेचं दुखणं असू शकतं. त्याची शस्त्रक्रिया पहिल्या दोन महिन्यांत झाली तर सर्वांत चांगली साधते.

साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील सर्वसाधारण रुग्णालय, कराडात कृष्णा रुग्णालय, सांगलीत वसंतदादा पाटील रुग्णालय, मिरजेत १९६२ पासूनचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. या पट्ट्यात डॉक्टर फार दूर नाहीत. गाडी नसेल तर १०८ आहे.

आशाताईंना एकच विनंती. बेचाळिसाव्या दिवशी वजन करून झालं की आई आणि आजी दोघींना समोर बसवून सांगा: ‘आता याला रोज शी होईलच असं नाही. आठवडा गेला तरी घाबरू नका. पितोय का, मुततोय का, पोट मऊ आहे का, एवढं बघा. देठ घालू नका, मध देऊ नका. काही वेगळं वाटलं तर मला फोन करा.’