अर्ज ऑनलाइन, आकडे हजेरीपटातले

केंद्रीय श्रम मंत्रालयाचे राष्ट्रीय सुरक्षा पुरस्कार १९६५ पासून दिले जातात. त्यांचे काम मुंबईत शीव येथे मुख्यालय असलेली 'डीजीफासली' ही संस्था पाहते. अर्ज ऑनलाइन भरायचा असला, तरी खरी मदत कारखान्यातच मिळते. अर्जात लागणारा अपघात-वारंवारितेचा दर काढताना बहुतेक जण अडतात. अपघातानंतर कामगार ४८ तास किंवा अधिक काळ कामावर येऊ शकला नाही, तर त्या अपघाताची खबर कायद्याने द्यावी लागते. अशा अपघातांच्या संख्येला १० लाखांनी गुणायचे आणि वर्षभरातील एकूण मनुष्य-तासांनी भागायचे. ६ लाख तासांत ३ अपघात झाले, तर दर ५. तास टाइम ऑफिसकडून, अपघात सुरक्षा अधिकाऱ्याच्या नोंदवहीतून घ्यावेत. कंत्राटी कामगारांना या हिशेबातून वगळू नये. सर्वांत धोक्याची कामे बहुधा त्यांच्याच वाट्याला येतात. सल्लागार अर्जाची भाषा सुधारू शकेल, पण आकडे त्याच्यावर सोपवू नयेत. सुरक्षितता किंवा उत्पादकता वाढवणारी सूचना कामगारानेच केली असेल, तर तिच्यासाठी विश्वकर्मा राष्ट्रीय पुरस्कार आहे. तो अर्ज भरायला सूचना करणाऱ्यालाच शेजारी बसवावे.