रानाचा वरचा मजला
(द्वितीय वर्ष, कला)

अरण्य म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे वाघ उभा राहतो. गोष्टींतले आणि सिनेमातले रान नेहमी जमिनीवर घडते. तेथे पाऊलखुणा असतात, पाणवठा असतो, झुडपामागे दबा धरून बसलेले जनावर असते. सदाहरित वर्षावनाची तऱ्हा मात्र निराळी आहे. तेथे जमिनीवरून चालणाऱ्याला पाचोळा, मुळ्या, जळवा आणि अंधार यांपलीकडे फारसे काही दिसत नाही. म्हणूनच पुष्कळ जण आंबोलीच्या किंवा तिलारीच्या रानात जाऊन येतात आणि ‘काहीच दिसले नाही’ असे सांगतात. वस्तुतः रानाची खरी वस्ती त्यांच्या डोक्यावर होती. त्या वरच्या मजल्याची ओळख करून द्यावी, तो कसा पाहावा हे सांगावे आणि तो मोडला तर काय होते याचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सूर्यप्रकाश हे या उलट्या व्यवस्थेचे मूळ आहे. दाट रानात झाडांचे शेंडे एकमेकांना भिडतात आणि त्यांचे एक अखंड छत तयार होते. वर पडलेल्या उजेडापैकी जमिनीपर्यंत पोहोचतो तो शंभरातला एखाद-दुसरा भाग. जेथे ऊन तेथे पालवी. जेथे पालवी तेथे फूल, फळ आणि किडा. आणि जेथे हे सर्व तेथे पक्षी व प्राणी. चाळीत जसे प्रत्येक मजल्यावरचे बिऱ्हाड वेगळे, तसेच येथेही आहे. तळाला रानकोंबडा पाचोळा उकरतो. ओहोळाच्या काठी शीळकरी कस्तुर गातो. मधल्या फांद्यांवर कर्णा तासन्‌तास निश्चल बसून राहतो. सर्वांत वर तांबट, हरियाल, धनेश आणि शेकरू यांचे राज्य असते.

विज्ञानाला या मजल्याचे महत्त्व कळले तेही उशिराच. १९८२ साली टेरी अर्विन या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने पनामातील एकाच जातीच्या अवघ्या १९ झाडांच्या शेंड्यांवरील कीटकांचा हिशेब मांडला. त्यात सुमारे बाराशे जातींचे भुंगेरे निघाले! त्यावरून जगात कीटकादी संधिपाद प्राण्यांच्या तीन कोटी जाती असाव्यात असा अंदाज त्याने केला. पुढील अभ्यासकांनी तो आकडा पुष्कळच खाली आणला. पण झाडाच्या शेंड्याकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले ते कायमचे. १९९० मध्ये पनामा शहरालगतच्या रानात शास्त्रज्ञांनी इमारती बांधण्याची क्रेन उभी केली आणि तिच्या टोकाला टांगलेल्या पाळण्यात बसून ते झाडांच्या माथ्यावरून फिरू लागले.

आपल्याकडे क्रेन नाही, पण सह्याद्री आहे. हा डोंगर पश्चिमेकडे भिंतीसारखा तुटलेला असल्यामुळे त्याच्या उतारावर ज्या झाडाचे खोड आपल्या पायांखाली कुठेतरी खोल असते, त्याचा शेंडा आपल्या नजरेसमोर येतो. दोडामार्गहून चंदगडकडे चढणाऱ्या तिलारी घाटात सुरक्षित जागा पाहून रस्त्याच्या कडेला उभे राहिले की खाली हिरव्या छताचा विस्तार दिसतो. इतर ठिकाणी मान मोडेपर्यंत वर पाहून पक्ष्याचे फक्त पोट दिसते. येथे त्याची पाठ दिसते. उडणारा धनेश आपल्या पातळीवरून, कधी कधी आपल्याही खालून जातो. गेल्या वर्षी भूगोल विभागाची दुर्बीण घेऊन आम्ही चौघी तेथे गेलो होतो. बारा रुपयांच्या वहीत सकाळभर टिपणे केली. आजही त्या वहीची पाने उघडली की कोणत्या शेंड्यावर कोण होते ते आठवते.

आता पाहावे कसे ते सांगते. पहिली गोष्ट म्हणजे कान. वरच्या मजल्यावरची मंडळी आधी ऐकू येतात आणि मग, नशीब असेल तर, दिसतात. तांबटाचा ‘कुटरूक् कुटरूक्’ असा न थांबणारा घोष, शेकरूची खडखडाटी हाक, धनेशाच्या पंखांचा घरघराट हे आवाज ओळखता आले की निम्मे रान ओळखता आले. धनेश उडताना इतका मोठा आवाज का होतो, याचेही कारण आहे. इतर पक्ष्यांच्या पंखांखाली बारीक पिसांचा थर असतो. धनेशात तो नसल्यामुळे मोठ्या पिसांच्या मुळांमधून हवा सुसाटत जाते.

दुसरी गोष्ट, पक्ष्यामागे धावू नये. फळलेल्या झाडाखाली बसावे. त्यातही वड, उंबर, नांद्रुक या कुळातले झाड असेल तर उत्तम. या कुळातील झाडे सगळी एकाच मोसमात फळत नाहीत. एक संपले की दुसरे पिकते, त्यामुळे इतर झाडे रिकामी असतानाही रानात कुठेतरी पंगत चालूच असते. दिवसा हरियाल, तांबट, बुलबुल, धनेश आणि शेकरू. रात्री वटवाघळे आणि उदमांजर. आमच्याकडची जुनी माणसे धनेशाला गरुड म्हणतात. माझी आजी शाळेत गेलेली नाही, पण ती सांगते, “गरुड इलो काय समजायचा, खंयतरी वड पिकलो.” पक्षिशास्त्राच्या पुस्तकात हेच एक पानभर लिहिलेले मी पुढे वाचले.

तिसरी गोष्ट म्हणजे धीर. सदाहरित रानात अर्धा-अर्धा तास पानही हलत नाही आणि मग एकदम दहा मिनिटे सगळे झाड जागे होते. कारण येथे अनेक जातींचे पक्षी टोळी करून फिरतात. कोणी सालीतले किडे टिपतो, कोणी पानांखालचे. भृंगराज पहाऱ्यावर असतो आणि इतरांनी उठवलेले किडे हवेतल्या हवेत पकडतो. टोळी आली की एकेकाचे नाव शोधत बसू नये. कोण कोणत्या उंचीवर आहे आणि काय करीत आहे, हे आधी वहीत टिपावे. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावण्याची नवी खोड मात्र कोणी लावून घेऊ नये. विणीच्या दिवसांत त्याचा वेळ आणि शक्ती त्यात फुकट जाते.

या छतावरचा सर्वांत मोठा रहिवासी म्हणजे महाधनेश. चोचीपासून शेपटीपर्यंत मीटरभर लांब. त्याचा संसार विलक्षण आहे. मादी जुन्या, उंच झाडाच्या ढोलीत शिरते आणि आपलीच विष्ठा व फळांचा गर यांनी ढोलीचे तोंड लिंपून घेते. उरते ती फक्त चोच जाण्याइतकी फट. त्या फटीतून नर तिला आणि पुढे पिल्लाला भरवतो. पिल्लू थोडे मोठे झाले की मादी बाहेर येते, फट पुन्हा लिंपली जाते आणि मग दोघे मिळून पिल्लाला वाढवतात. या काळात नर मारला गेला तर एक पक्षी मरतो असे नाही. सगळे घर उपाशी राहते. म्हणून ढोलीच्या झाडाजवळ कधी गर्दी करू नये.

हाच पक्षी रानाचा माळी आहे. रानजायफळासारख्या झाडांची बी एवढी मोठी असते की लहान पक्ष्याला ती गिळता येत नाही. धनेश ती गिळतो, गर पचवतो आणि मैल-अर्ध्या मैलावर बी टाकून देतो. झाड धनेशाला ढोली देते, धनेश झाडाला संतती देतो. यांतला एक गेला की दुसऱ्याचे जाणे ठरलेले. फक्त झाडाला वेळ लागतो, म्हणून ते आपल्या लक्षात येत नाही.

शेकरू आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. त्याच्यासाठी १९८५ साली भीमाशंकरचे अभयारण्य झाले. हा प्राणी सहसा जमिनीवर उतरत नाही. फांदीवरून फांदीवर वीस फुटांपर्यंत झेप घेतो. त्याची वाट, त्याचे घर, त्याचे पळून जाणे सगळे वरच्या वर. आमच्या भागातला उडता सरडा कातडीचे पंख पसरून एका खोडावरून दुसऱ्या खोडावर तरंगत जातो; उडता बेडूक पायांच्या पडद्यांवर तरंगतो. या सर्वांना एकच गोष्ट लागते, ती म्हणजे जवळजवळची झाडे. माणसाने मधून तीस-चाळीस फुटांची पट्टी मोकळी केली की आपल्या लेखी तो नुसता रस्ता. शेकरूच्या लेखी मात्र ती पूल नसलेली नदी असते. तमिळनाडूत वाल्पाराई येथे रस्त्यामुळे तुटलेल्या रानात सिंहपुच्छ वानरांसाठी झाडाझाडांमध्ये मुद्दाम पूल टांगावे लागले आहेत.

येथपर्यंत लिहिणे सोपे होते. यापुढचे अवघड आहे. आमच्या दोडामार्ग तालुक्यात गेल्या काही दशकांत डोंगरांचे डोंगर साफ होऊन रबराच्या बागा उभ्या राहिल्या. माझे वडील अशाच एका बागेत चीक काढण्याचे काम करतात. पहाटे उजाडण्यापूर्वी ते निघतात, झाडागणिक सालीला तिरका छेद देतात आणि वाटी लावतात. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, आणि माझी फी त्या वाटीतून आली आहे. तेव्हा ‘रबर वाईट’ असे लिहून मोकळे होण्याचा अधिकार मला नाही.

पण जे आहे ते सांगितलेच पाहिजे. रबर हे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले झाड. मूळच्या रानात ते इतर शेकडो झाडांत विखुरलेले असते. येथे ते ओळीने, एकाच वयाचे, एकाच उंचीचे. दुरून पाहिले तर तेही हिरवे छतच दिसते. मात्र त्या छताला मजले नाहीत. लावल्यापासून सुमारे सातव्या वर्षी चीक सुरू होतो आणि पंचवीसेक वर्षे चीक दिला की झाड तोडले जाते; ढोली पडण्याइतके म्हातारे होण्याची त्याला मुभाच नाही. थंडीच्या अखेरीस सगळ्या बागेची पाने एकदम गळतात, आणि नेमक्या त्याच सुमारास धनेशाच्या मादीला ढोली हवी असते. बागेतून मी अनेकदा चालले आहे. तेथे तांबटाचा आवाज येतो तो नेहमी पलीकडून.

त्या बागेच्या कडेला एक जुना वड आहे. बाग लावताना तो तुटला नाही, कारण ते देवचाराचे ठिकाण मानतात. इतर झाडे का ठेवली नाहीत, असे मी बाबांना विचारले. ते म्हणाले, “झाड ठेवला तर रबरार सावली पडता गो.” त्यांचे म्हणणे खरे आहे; रबराला ऊन लागते. परंतु वहाळाच्या दोन्ही काठांना, बागेच्या हद्दीवर आणि खडकाळ जागी, जेथे रबर नीट होत नाही तेथे, मूळची झाडे ठेवली तर तुटलेल्या रानाचे दोन तुकडे जोडले जातील. तेवढ्याने बागायतदाराचे दिवाळे निघणार नाही आणि चीक काढणाऱ्याची मजुरीही बुडणार नाही. तिलारीच्या रानाला २०२० साली संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, तो सुमारे साडेएकोणतीस चौरस किलोमीटरला. पण धनेशाला त्या हद्दीचा नकाशा ठाऊक नाही. तो वड पाहून येतो. गेल्या मार्चमध्ये त्या एकट्या वडावर तीन धनेश आले होते, आणि बाबांनी हातातली सुरी तशीच धरून त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले.

आपण कला शाखेचे विद्यार्थी. हे काम शास्त्रवाल्यांचे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. आपल्यापैकी बरेच जण गावांतून येतात. आपापल्या गावातले वड, उंबर, नांद्रुक कोठे आहेत, ते कोणत्या महिन्यात पिकतात, कोणत्या झाडाला ढोली आहे, लोक त्या झाडाला आणि पक्ष्याला काय म्हणतात, एवढे जरी प्रत्येकाने एका वहीत उतरवले तरी दोन-तीन वर्षांत या तालुक्याच्या वरच्या मजल्याचा नकाशा तयार होईल. ही माहिती आज आपल्या आज्या-आजोबांच्या तोंडी आहे. त्यांच्यानंतर ती विचारायला कोणी उरणार नाही. आपल्या भूगोल विभागाने आणि मराठी विभागाने मिळून हे काम हाती घ्यावे, अशी माझी नम्र सूचना आहे. बांधावरचा वड देवचाराच्या भीतीने वाचला. पुढच्या बागेतला वड कशाच्या आधारावर वाचायचा, हे ठरवण्याची पाळी आता शिकलेल्यांवर आली आहे.