लिफाफा उघडण्यापूर्वीच ठरते कामाचे भवितव्य

ग्रामीण भागात जिल्हा परिषदेला ‘मिनी मंत्रालय’ म्हटले जाते. बुलडाणा जिल्ह्यातील तेरा तालुक्यांत प्राथमिक शाळा, अंगणवाड्या, प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण रस्ते, लहान पाझर तलाव आणि पाणीपुरवठ्याच्या योजना यांचा मोठा भार याच संस्थेवर आहे. यातील प्रत्येक गोष्ट अखेरीस कोणाकडून तरी विकत घ्यावी किंवा बांधून घ्यावी लागते. त्यामुळे शाळाखोलीचे छत पहिल्या पावसात गळणार की नाही, याचे उत्तर बहुतेक वेळा निविदेच्या फाइलमध्ये आधीच लिहिलेले असते. ही फाइल कशी चालते, हे मात्र सामान्य ग्रामस्थाला क्वचितच ठाऊक असते.

महाराष्ट्र जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अधिनियम, १९६१ नुसार १ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. त्यांच्या पैशाचा हिशेब कसा ठेवावा, हे १९६८ च्या लेखा संहितेने ठरवून दिले. निधी राज्य शासनाकडून, जिल्हा नियोजन समितीकडून, केंद्राच्या योजनांतून आणि थोडाफार स्वतःच्या उपकरातून येतो. शासनाकडून आलेला निधी खर्च करण्यास जिल्हा परिषदेला सर्वसाधारणपणे दोन आर्थिक वर्षांची मुदत मिळते. तरीही मार्च महिना जवळ आला की निविदांची धांदल उडते. याचे कारण निविदेपूर्वीच्या पायऱ्यांत आहे.

अंदाजपत्रक हाच पाया

कोणतेही बांधकाम प्रथम आराखड्यात बसावे लागते. त्यानंतर त्यास प्रशासकीय मान्यता मिळते, म्हणजे हे काम करावयाचे आणि त्यास पैसा आहे, हे मान्य होते. पुढची पायरी तांत्रिक मान्यतेची. अभियंता दरसूचीच्या आधारे अंदाजपत्रक तयार करतो आणि सक्षम अधिकारी ते तपासून मान्य करतो. निविदा काढली जाते ती यानंतर.

बुलडाणा जिल्ह्यात या पायरीला विशेष महत्त्व आहे. घाटावरचे आणि घाटाखालचे तालुके यांच्या जमिनीत मोठा फरक आहे. घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यात खोल काळी माती आढळते. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवरच्या इमारतीचा पाया घाटावरच्या मुरमाड जमिनीतील पायाप्रमाणे धरून चालत नाही. अंदाजपत्रक जागेवर जाऊन न करता जुन्या कामावरून उतरवून काढले, तर पुढची निविदा कितीही स्वच्छ झाली तरी भिंतीला तडे जाणारच. ठेकेदाराने कागदावर लिहिलेले सर्व केलेले असते, कागदच चुकलेला असतो.

दरपत्रक, निविदा आणि मर्यादा

अत्यंत किरकोळ खरेदी थेट करता येते. त्यावरील रकमेसाठी किमान तीन पुरवठादारांकडून दरपत्रके मागवावी लागतात आणि ठरावीक मर्यादेनंतर जाहीर निविदा बंधनकारक असते. राज्यात ई-निविदेची सक्ती टप्प्याटप्प्याने झाली. २०१४ मध्ये ही मर्यादा ३ लाख रुपयांपर्यंत खाली आणण्यात आली. १ डिसेंबर २०१६ रोजी उद्योग विभागाने शासकीय खरेदीची सविस्तर नियमपुस्तिका लागू केली. बांधकामांसाठीची मर्यादा पुढे वाढविण्यात आली.

ई-निविदेत इच्छुकास राज्याच्या ‘महाटेंडर्स’ संकेतस्थळावर दोन लिफाफे सादर करावे लागतात. तांत्रिक लिफाफ्यात नोंदणी, अनुभव, यंत्रसामग्री आणि बयाणा रकमेचा पुरावा असतो, तर आर्थिक लिफाफ्यात दर असतो. तांत्रिक लिफाफ्यात पात्र ठरलेल्यांचेच दर उघडले जातात आणि सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारली जाते. पूर्वी निविदेचा कोरा अर्ज मिळविण्यासाठीच कार्यालयाचे उंबरठे झिजवावे लागत. अर्ज विकत घेणारा आणि पेटीत लिफाफा टाकणारा कोण, हे सर्वांना दिसे, त्यामुळे त्याच्यावर दबाव आणणेही सोपे होते. संगणकीय पद्धतीने हा अडथळा बराचसा दूर केला.

तथापि दोन जुन्या वाटा संगणकाने बंद झाल्या नाहीत. पहिली वाट कामाचे तुकडे पाडण्याची. मर्यादा ३ लाखांची असेल आणि ८ लाखांच्या रस्त्याची तीन कामे दाखविली, तर प्रत्येक काम मर्यादेच्या आत येते आणि जाहीर स्पर्धाच होत नाही. नियमानुसार अशी विभागणी निषिद्ध आहे. दुसरी वाट अटींची. खरेदी करावयाच्या वस्तूचे वर्णन एखाद्याच कंपनीच्या उत्पादनाशी जुळेल असे लिहिले, किंवा लहान कामासाठी अवाजवी उलाढालीची अट घातली, तर बाकीचे आपोआप बाद होतात. लिफाफे नियमाप्रमाणे उघडले जातात, पण निकाल अट लिहिली गेली त्या दिवशीच लागलेला असतो.

उलट दिशेचा धोकाही आहे. काम मिळविण्यासाठी ठेकेदार अंदाजपत्रकापेक्षा फारच कमी दर भरतो आणि नंतर सिमेंट, खडी किंवा डांबरात काटकसर करतो. यावर उपाय म्हणून ठरावीक प्रमाणापेक्षा कमी दर भरणाऱ्याकडून अतिरिक्त सुरक्षा ठेव घेतली जाते. काम पूर्ण झाल्यावरही दोष दायित्वाचा कालावधी संपेपर्यंत दुरुस्तीची जबाबदारी ठेकेदाराचीच असते. हा कालावधी किती आहे, हे गावाला माहीत नसल्याने अनेकदा ठेकेदाराने करावयाची दुरुस्ती नव्या खर्चातून होते.

सर्वच कामे खुली नसतात

लहान कामांतील काही वाटा सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि मजूर सहकारी संस्था यांच्यासाठी राखीव असतो. दीर्घकाळ हे प्रमाण प्रत्येकी ३३ टक्के आणि खुल्या ठेकेदारांसाठी ३४ टक्के असे होते. या कामांचे वाटप काम वाटप समितीमार्फत होते. स्थानिक हातांना काम मिळावे, हा यामागील हेतू. मजूर संस्थेच्या नावावर दुसराच काम करीत असेल, तर मात्र तो हेतूच हरपतो.

काही खरेदी जिल्हा परिषदेच्या हातून काढून घेण्यात आली आहे. ५ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने शिलाई यंत्र, सायकल, पंप यांसारख्या वस्तू खरेदी करून वाटण्याऐवजी रक्कम थेट लाभार्थ्याच्या बँक खात्यात देण्याचे धोरण आले. निकृष्ट वस्तूंची तक्रार त्यामुळे कमी होऊ शकते, परंतु आधी स्वतः खरेदी करून पावती सादर करण्याची अट गरीब कुटुंबाला जड जाते. औषधांची खरेदी २०१७ पासून हाफकिन महामंडळामार्फत एकत्रितपणे होऊ लागली आणि २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. एकत्रित खरेदीत दर कमी मिळतो, पण पुरवठा लांबला तर झळ दूरच्या आरोग्य केंद्रातील रुग्णाला बसते.

प्रश्न कोणी विचारायचा?

निविदेनंतरची तपासणी अनेक पातळ्यांवर होते. स्थानिक निधी लेखा परीक्षा आक्षेप नोंदविते, विधिमंडळाची पंचायती राज समिती अधिकाऱ्यांची साक्ष घेते. परंतु ही तपासणी पैसा खर्च झाल्यानंतरची असते. त्यापूर्वी प्रश्न विचारण्याची जागा म्हणजे स्थायी समिती, विषय समित्या आणि सर्वसाधारण सभा. मार्च २०२२ मध्ये बुलडाणा जिल्हा परिषदेच्या सदस्यांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. प्रशासकाच्या काळात मान्यता देणारा आणि मान्यता मागणारा एकाच यंत्रणेतील असतो. राजकीय हस्तक्षेप कमी होतो हे खरे, पण ‘आमच्या सर्कलमध्ये हे काम का नाही’ असे सभागृहात उभे राहून विचारणाराही उरत नाही.

अशा वेळी ग्रामस्थाची जबाबदारी वाढते. निविदा सूचना संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. माहितीचा अधिकार कायदा, २००५ नुसार १० रुपयांच्या शुल्कात अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिका पाहण्याचा अर्ज करता येतो, प्रतींचे शुल्क वेगळे. मोजमाप पुस्तिकेत पायाची खोली, भिंतीची जाडी, खडीच्या थराची उंची नोंदविलेली असते आणि तिच्याच आधारे देयक निघते. ती पाहण्याची योग्य वेळ छत गळल्यानंतरची नाही, पाया उघडा असतानाची आहे. गावात कामाचा फलक लागला की त्यावरील रक्कम, मुदत आणि दोष दायित्वाचा कालावधी एवढे जरी चार जणांनी वहीत टिपून ठेवले, तरी पुढच्या पावसाळ्यात विचारावयाच्या प्रश्नाला आधार मिळेल.