बारा शनिवार आणि उरलेले वर्ष

अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडाप्रेमाचा विचार करताना तेथील विद्यापीठे आणि गावे यांचे नाते प्रथम ध्यानात घ्यावे लागते, कारण इतरत्र लोक ज्या उत्कटतेने राष्ट्रीय संघाच्या पाठीशी उभे राहतात, त्याच उत्कटतेने तेथे लक्षावधी लोक एखाद्या विद्यापीठाच्या संघाचा जयजयकार करतात. या प्रेमात अग्रमान फुटबॉलचा; अर्थात हा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन, समोरच्यांना अंगावर घेत, शंभर यार्ड लांबीच्या मैदानात पुढे सरकण्याचा अमेरिकन खेळ असून, आपल्याकडील फुटबॉलला तेथे सॉकर म्हणतात. रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात ६ नोव्हेंबर १८६९ रोजी झालेला सामना या परंपरेचा आरंभ मानला जातो, आणि १९०६ मध्ये स्थापन झालेली, आज एनसीएए या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी संस्था विद्यापीठांच्या स्पर्धांचे नियमन करते. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात १,०७,००० हून अधिक प्रेक्षक बसतात, तर ज्या नेब्रास्का राज्यात एकही मोठा व्यावसायिक फुटबॉल संघ नाही, तेथील विद्यापीठाच्या लिंकन शहरातील मैदानाची तिकिटे १९६२ पासून प्रत्येक सामन्याला सगळी विकली जात आली आहेत. पुण्यातील पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेत ‘आव्वाज कुणाचा’ या आरोळीतून उसळणारा महाविद्यालयाचा अभिमान मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. मात्र तो बहुधा पदवीबरोबर ओसरतो, आणि अमेरिकेत तो पदवीनंतर वाढतो, मुलाबाळांकडे वारशाने जातो आणि ज्यांनी त्या विद्यापीठाची पायरीही चढलेली नाही, अशा गावकऱ्यांनाही लागतो.

या खेळाचे एक वैशिष्ट्य असे की तो वर्षातून फार थोडे दिवस खेळला जातो. ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत प्रत्येक संघ साधारण बारा सामने खेळतो, त्यांतील बहुतेक शनिवारी असतात, आणि त्यानंतर निवडक संघांचे जानेवारीपर्यंत चालणारे अंतिम सामने सोडले तर मैदान ओस पडते. बेसबॉलच्या व्यावसायिक संघाचे एका हंगामात १६२ सामने होतात, त्यामुळे त्याच्या चाहत्याला जवळजवळ रोज बोलायला नवा विषय मिळतो. महाविद्यालयीन फुटबॉलच्या चाहत्यापुढे मात्र बारा शनिवारांच्या पुंजीवर सारे वर्ष काढण्याचा प्रश्न असतो. इंटरनेटवर जमणाऱ्या या चाहत्यांची मैत्री समजून घ्यायची तर या मोकळ्या दिवसांकडेच पाहावे लागते, कारण सामना लोकांना एकत्र आणतो हे खरे असले, तरी त्यांची ओळख मुरते ती सामना नसताना.

या मंडळींना इंटरनेटची गरज प्रथम भासली ती स्थलांतरामुळे. अलाबामात शिकलेला माणूस नोकरीसाठी सिॲटलला गेला की त्याच्या जुन्या संघाची बातमी तेथील वृत्तपत्रात चार ओळींवर येत नसे आणि शेजारीपाजारी कोणाला तिचे सोयरसुतकही नसे. १९९० च्या दशकात युजनेट या मजकूर-देवाणघेवाणीच्या जाळ्यावर महाविद्यालयीन फुटबॉलचा स्वतंत्र कट्टा निघाला. पुढे प्रत्येक संघाचे वेगळे संदेशफलक आले, २००० नंतर चाहत्यांनी स्वतः चालवलेल्या ब्लॉगांची लाट आली, आणि आज रेडिट, डिस्कॉर्ड व व्हॉट्सॲप यांवर हीच माणसे विखुरलेली आढळतात. टोपणनावाशेजारी आपल्या संघाचे बोधचिन्ह लावण्याची प्रथा यांतील अनेक ठिकाणी असून, माणसाचे खरे नाव, हुद्दा किंवा वय यांपेक्षा ते चिन्हच त्याचे गोत्र सांगते.

प्रत्यक्ष सामन्याच्या वेळी चालणारी चर्चा बाहेरच्या माणसाला निव्वळ गलका वाटेल. शेकडो लोक आपापल्या घरी दूरचित्रवाणीपुढे बसून एकाच वेळी दोन-दोन शब्दांची वाक्ये टाकत असतात, त्यांतील निम्मी पंचाला उद्देशून असतात, आणि ज्यांचे प्रक्षेपण इंटरनेटवरून येते ते केबलवाल्यांपेक्षा अर्धा-एक मिनिट मागे राहत असल्याने, कोणाच्या तरी ‘अरेरे’मुळे आपल्या संघाने चेंडू गमावल्याचे त्यांना तो गमावण्याआधीच कळते. यावरून दर शनिवारी भांडण होते आणि दर शनिवारी ते मिटते. विजय दिसू लागला तरी तो बोलून दाखवायचा नाही, कारण त्याने नाट लागतो, अशी श्रद्धा या सुशिक्षित मंडळींत सर्रास आढळते. काही जण तर मुद्दाम पराभवाचे भाकीत करून दैवाला चकवू पाहतात. गेल्या विजयाच्या वेळी जो ज्या खुर्चीत बसला होता त्याने तेथून हलू नये, असा आग्रह दोन हजार किलोमीटरवरून धरला जातो आणि तो पाळलाही जातो.

एकाच संघाचे चाहते एकच सामना एकाच पद्धतीने का पाहतात, याचा वेध समाजमानसशास्त्राने इंटरनेटच्या कितीतरी आधी घेतला होता. १९५१ मध्ये डार्टमथ आणि प्रिन्स्टन यांच्यात झालेल्या एका दांडगाईच्या सामन्याची चित्रफीत अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या संशोधकांनी दोन्हीकडील विद्यार्थ्यांना दाखवली, तेव्हा डार्टमथच्या विद्यार्थ्यांना आपल्या संघाचे जेवढे नियमभंग दिसले, त्याच्या दुपटीहून अधिक प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना त्याच फितीत दिसले. त्यांचा हा निबंध १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७६ मध्ये रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी सात विद्यापीठांत पाहणी करून असे नोंदवले की संघ जिंकल्यावर सोमवारी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे घालणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण वाढते, आणि विद्यार्थी विजयाबद्दल बोलताना ‘आपण जिंकलो’ व पराभवाबद्दल बोलताना ‘ते हरले’ असे म्हणण्याकडे झुकतात. दुसऱ्याच्या यशात स्वतःला उजळवून घेण्याच्या या वृत्तीला एक अपवाद मात्र जुन्या ऑनलाइन गटांत ठळकपणे दिसतो: तेथे पराभवाच्या रात्री उपस्थिती कमी होण्याऐवजी अनेकदा वाढते, कारण घरात ज्याच्या दुःखाला कोणी किंमत देत नाही, त्याला येथे सुतकात बसायला सोबत मिळते.

जानेवारीनंतर बोलण्याचे विषय बदलतात. काही काळ शाळकरी खेळाडूंच्या निवडीची उत्सुकता असते. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा टेबलावर तीन-चार विद्यापीठांच्या टोप्या मांडतो, कॅमेऱ्यांपुढे त्यांतील एक डोक्यावर चढवतो, आणि तो कोणती चढवणार याच्या आगाऊ कुजबुजीसाठी प्रौढ, संसारी माणसे दरमहा वर्गणी भरतात, हे या छंदाचे काहीसे हास्यास्पद अंग मान्य करावे लागते. मार्चमध्ये बास्केटबॉलची ६८ संघांची बाद फेरीची स्पर्धा येते, तेव्हा सगळ्या सामन्यांचे निकाल आधीच भरून द्यायच्या तक्त्यांवर गटागटांत पैजा लागतात. एप्रिल ते ऑगस्ट या काळात मात्र खेळाचे नावही अनेक दिवस निघत नाही. मग मांस मंद आचेवर किती तास धुरावावे, जुन्या गाडीचा आवाज कशाचा, मुलीच्या महाविद्यालयाची फी कशी भरावी, नोकरी गेल्याचे बायकोला कसे सांगावे, गुडघ्याची शस्त्रक्रिया आत्ता करावी की हंगाम संपल्यावर, असे प्रश्न पुढे येतात, आणि त्यांना उत्तरे देणाऱ्यांत वकील, ट्रकचालक, परिचारिका, शिक्षक आणि निवृत्त सैनिक एका पंक्तीला बसतात. घर आणि कामाची जागा यांच्याखेरीज जेथे माणसे सहज जमतात, जेथे हुद्द्याला महत्त्व नसते आणि गप्पा हेच मुख्य काम असते, अशा जागेला समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ मध्ये ‘तिसरी जागा’ असे नाव दिले. त्यांच्या डोळ्यांपुढे कॅफे, केशकर्तनालय, गल्लीतली पानगृहे होती. पडद्यावरच्या कट्ट्याला ते वर्णन सर्वस्वी लागू पडत नाही, कारण तेथे कोणी कोणाचा चेहरा पाहत नाही, तरीही वर्षानुवर्षांचा परिचय आणि विनाकारण डोकावण्याची मुभा ही दोन लक्षणे दोहोंकडे समान आहेत.

महाराष्ट्रातून पदव्युत्तर शिक्षणासाठी पर्ड्यू किंवा टेक्सास ए अँड एम यांसारख्या विद्यापीठांत गेलेल्या, क्रिकेटवर पोसलेल्या विद्यार्थ्यांनाही हा खेळ आरंभी थांबून थांबून चाललेली धक्काबुक्की वाटतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे, जमले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, न जमल्यास चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो, हे मूळ सूत्र एकदा समजले की बाकीचे हळूहळू उलगडते. अशा नवख्याने जूनमध्ये शंका विचारली तर त्याला आकृत्यांसह उत्तर मिळते. तीच शंका सामन्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत विचारली तर काय मिळते, ते छापण्याजोगे नसते.

मैत्री आपल्याच संघापुरती राहत नाही. प्रतिस्पर्धी संघांचे चाहते बोधचिन्हाची पैज लावतात, म्हणजे ज्याचा संघ हरेल त्याने ठरलेल्या मुदतीपर्यंत आपल्या नावाशेजारी शत्रूचे चिन्ह मिरवायचे. सामन्याच्या दिवशी मैदानाबाहेरील वाहनतळावर गाड्यांच्या मागे शेगड्या पेटवून चालणाऱ्या सामुदायिक जेवणाला टेलगेट म्हणतात, आणि वर्षानुवर्षे केवळ टोपणनावाने ओळखणारी माणसे बहुधा तेथेच प्रथम समोरासमोर येतात. खरे नाव कळल्यावरही ती एकमेकांना टोपणनावानेच हाक मारतात. वैरातही कधी एक दिलदारी येते. शरणार्थींच्या पुनर्वसनासाठी चाहत्यांत चालणाऱ्या एका देणगी-चढाओढीत रक्कम सामन्याच्या गुणफलकावरून ठरवण्याची रीत आहे. मिशिगनने २०२१ मध्ये ओहायो स्टेटला ४२–२७ असे हरवले, तेव्हा मिशिगनच्या चाहत्याला ४२ डॉलर २७ सेंट देऊन पुण्य आणि टोमणा एकाच पावतीवर साधता आला.

पडद्यावरच्या बोलण्यातून पडद्याबाहेर काय उभे राहू शकते, याचे सर्वांत परिचित उदाहरण आयोवा विद्यापीठाचे आहे. त्याच्या मैदानाला लागूनच मुलांच्या रुग्णालयाची उंच इमारत २०१७ मध्ये सुरू झाली, आणि तिच्या वरच्या मजल्यावरून मैदान दिसत असल्याचे लक्षात घेऊन, पहिला चतुर्थांश संपल्यावर सर्वांनी वर पाहून आजारी मुलांना हात हलवावेत, अशी सूचना एका चाहतीने संघाच्या चाहत्यांच्या फेसबुक पानावर केली. त्या हंगामापासून सुमारे सत्तर हजार प्रेक्षक, दोन्ही संघांचे खेळाडू आणि पंचही खेळ थांबल्यावर त्या खिडक्यांकडे वळतात.

याहून विक्षिप्त, आणि म्हणून या संस्कृतीचा स्वभाव अधिक नेमका दाखवणारी, कथा वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या झेंड्याची आहे. ईएसपीएन वाहिनीचा ‘कॉलेज गेमडे’ हा कार्यक्रम दर शनिवारी त्या आठवड्यातील महत्त्वाच्या सामन्याच्या गावी जाऊन होतो. या विद्यापीठाच्या पुलमन या आडवळणाच्या गावी तो कधी येत नसल्याने तेथील माजी विद्यार्थ्यांत २००३ मध्ये ऑनलाइन खल झाला आणि त्यातून त्यांतील एक जण न्यू मेक्सिकोतून गाडी हाकत टेक्सासमधील ऑस्टिनला पोहोचला. ज्या सामन्याशी आपल्या विद्यापीठाचा काडीचाही संबंध नव्हता, त्याच्या प्रक्षेपणात निवेदकांच्या मागे त्याने आपला किरमिजी झेंडा फडकवला. तेव्हापासून हा झेंडा त्या कार्यक्रमात अखंड दिसत आला आहे. तो एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचवायचा, त्या भागात राहणारा माजी विद्यार्थी शोधायचा, त्याने भल्या पहाटे उठून गर्दीत जागा धरायची, ही सारी व्यवस्था स्वयंसेवक पाहतात. कार्यक्रम अखेर पुलमनला आला तो ऑक्टोबर २०१८ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी, आणि त्या दिवशी संघाने ऑरेगॉनला ३४–२० असे हरवलेही.

अर्थात या जगाची दुसरी बाजूही आहे. मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्रीडासट्ट्यावरील देशव्यापी निर्बंध रद्द केल्यानंतर अनेक राज्यांत सट्टा कायदेशीर झाला, आणि पैज हरलेल्यांचा राग विशी न ओलांडलेल्या खेळाडूंच्या खात्यांवर शिव्यांच्या रूपाने उतरू लागला; एकेका खेळाडूच्या कामगिरीवर लागणारा सट्टा बंद करावा, अशी मागणी एनसीएएने राज्यांकडे केली आहे. जुन्या गटांत अशा शिवीगाळीला बहुधा थारा नसतो, कारण तेथे टोपणनावालाही पत असते आणि ती गमावण्याची लाज असते. हे धाडस प्रामुख्याने आगंतुकांचे असते. तरी जुन्या गटांतील आपलेपणाचे गोडवे गाताना हेही सांगायला हवे की एकदा घट्ट झालेली मंडळी नव्याला, विशेषतः स्त्रियांना, आत घेताना पुष्कळ परीक्षा पाहतात.

गेल्या काही वर्षांत खुद्द खेळाचीच चौकट हलली आहे. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमाई करता येते, विद्यापीठ बदलणेही सोपे झाले आहे, त्यामुळे चार वर्षे एकाच रंगात दिसणारा खेळाडू दुर्मीळ होत चालला असून, चाहत्यांची आपापसांतली ओळख खेळाडूंशी असलेल्या ओळखीपेक्षा कितीतरी जुनी ठरते. त्याहून मोठा धक्का कॉन्फरन्सच्या फेररचनेचा होता. कॉन्फरन्स म्हणजे दरवर्षी आपापसांत खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. १९१५ पासूनचा वारसा सांगणाऱ्या पश्चिम किनाऱ्यावरील पॅक-१२ या गटातून दूरचित्रवाणीच्या पैशापायी दहा विद्यापीठे २०२४ मध्ये बाहेर पडली आणि मागे फक्त वॉशिंग्टन स्टेट व ऑरेगॉन स्टेट उरली. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना चिडवणारे शेजारी अशा रीतीने वेगवेगळ्या गटांत गेले. मागे उरलेल्या दोघांच्या चाहत्यांत, पूर्वी फारसे सख्य नसताना, समदुःखी भावांची जवळीक निर्माण झाली; वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेट यांच्यातला ॲपल कप हा वार्षिक सामना २०२८ पर्यंत चालू ठेवण्याचा करार झाल्याने एक जुने भांडण तरी शाबूत राहिले. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये बॉइसी स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट आदी विद्यापीठांनी २०२६ पासून या गटात येण्याचे जाहीर केले, आणि सामन्यांच्या तारखा ठरण्याच्या कितीतरी आधीच दोन्हीकडच्या चाहत्यांत एकमेकांच्या गावच्या हवेची, जेवणाची आणि बँडपथकाची थट्टा सुरू झाली.