लग्नाची तारीख हलत नाही : अंतरपाट, अक्षता आणि तुमच्या तासांचा हिशोब



लग्नासाठी हाताने केलेल्या वस्तू हा घरातून सुरू करता येणारा एक छान व्यवसाय आहे. भांडवल कमी लागतं, दुकान लागत नाही आणि गिऱ्हाईक ओळखीतूनच मिळतं. आपल्याकडे ही गोष्ट नवीन नाही. रुखवत मांडताना मावशी-काकूंनी केलेली तोरणं, सजवलेले नारळ आणि सुपाऱ्या आपण लहानपणापासून बघतोय. फरक एवढाच पडलाय, की आज घरच्यांना हौस तितकीच आहे, पण वेळ नाही. तो वेळ तुम्ही विकणार आहात.

आणि नेमकी इथेच गडबड होते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बऱ्याच ताई सामानाचे पैसे पै-पैने मोजतात, पण स्वतःचे तास मोजतच नाहीत. सीझन संपतो, पाठ दुखते, लोक "किती सुंदर केलंस गं!" म्हणतात आणि हातात काही उरत नाही. म्हणून आज आपण दोनच वस्तू घेऊन पूर्ण हिशोब करू : एक अंतरपाट आणि दुसरी अक्षतांच्या पुड्या. आकडे उदाहरणासाठी आहेत. तुमच्या गावचे भाव त्यात भरा, पद्धत तीच राहील.

अंतरपाट : एकच नग, पण १२ तास

मंगलाष्टकं चालू असताना वधू-वरांच्या मध्ये धरतात ते कापड म्हणजे अंतरपाट. पूर्वी पांढऱ्या कापडावर कुंकवाने स्वस्तिक काढलं की झालं. आता त्यावर दोघांची नावं, तारीख, गणपती, मोर, कमळं रंगवून घेतात. लग्नानंतर काहीजण तो फ्रेम करून भिंतीवर लावतात. म्हणजे ही नुसती सजावट नाही, आठवणीची वस्तू आहे. म्हणूनच तिला चांगली किंमत मिळते.

आता खर्च बघा. कापड ३०० रुपये, फॅब्रिक रंग १२० रुपये, लेस आणि गोंडे १०० रुपये, डिझाइनची प्रिंट ४० रुपये, पॅकिंग ६० रुपये. सामान झालं ६२० रुपयांचं.

एका ताईंनी असाच अंतरपाट १,२०० रुपयांना दिला आणि मला म्हणाल्या, "निम्मे पैसे सुटले!" मी त्यांना वेळ लिहून काढायला सांगितला. गिऱ्हाइकाशी बोलणं आणि बाजारात जाणं दीड तास, ट्रेसिंग २ तास, रंगकाम ७ तास, लेस आणि इस्त्री दीड तास. एकूण १२ तास. १,२०० मधून ६२० गेले, राहिले ५८० रुपये. १२ ने भागा. तासाला साधारण ४८ रुपये! आणि त्यातून रिक्षाभाडं, वीज, खराब झालेलं कापड अजून जायचंय.

मग किंमत कशी काढायची? तुमच्या एका तासाचा दर आधी ठरवा. समजा ८० रुपये. १२ तासांचे झाले ९६० रुपये. सामान ६२० मिळवा : १,५८०. त्यावर प्रवास, वीज, नासाडी यांसाठी १० टक्के धरा : १,७३८. त्यावर धंद्याचा नफा २० टक्के : साधारण २,१०० रुपये. मजुरी वेगळी आणि नफा वेगळा, हे डोक्यात पक्कं ठेवा. मजुरी तुमच्या हातांची आहे. नफा धंद्याचा आहे, त्यातूनच पुढचं सामान येणार.

"एवढे कोण देणार?" असं वाटतंय ना? सगळे देणार नाहीत. त्यांच्यासाठी काय करायचं ते पुढे सांगते. पण २,१०० ची वस्तू १,२०० ला देऊन गिऱ्हाईक मिळवणं म्हणजे स्वतःच्या घरातून त्यांना आहेर करणं झालं!

अक्षतांच्या पुड्या : स्वस्त वस्तू, जास्त कमाई

दुसरी वस्तू अगदी उलटी आहे. पाहुण्यांना वाटायच्या ३०० अक्षतांच्या पुड्या. यात दोन प्रकार धरू.

पहिला प्रकार, नेटच्या कापडाची छोटी पोटली. कापायचं, शिवायचं, भरायचं, दोरी बांधायची, नावाचा टॅग लावायचा. एका पोटलीला ६ मिनिटं. ३०० पोटल्यांना ३० तास. विक्री १० रुपये नग, सामान ४ रुपये. उरले १,८०० रुपये, म्हणजे तासाला ६० रुपये.

दुसरा प्रकार, छापील कागदाची शंकूसारखी पुडी. गुंडाळायची, चिकटवायची, भरायची. एकीला २ मिनिटं. ३०० पुड्या १० तासांत. विक्री ६ रुपये नग, सामान २ रुपये. उरले १,२०० रुपये, पण तासाला १२० रुपये!

बघा, महाग वस्तूत पैसे जास्त दिसतात आणि स्वस्त वस्तूत तासाची कमाई दुप्पट निघते. घड्याळ लावल्याशिवाय हे कळत नाही.

एक काळजी मात्र घ्या. तांदळाला हळद-कुंकू ओलं करून लावलं असेल, तर तांदूळ पसरून पूर्ण वाळवा आणि मगच भरा. ओलसर अक्षता बंद राहिल्या तर बुरशी येते, कापडाला डागही पडतात. हल्ली काही घरांत तांदूळ वाया नको म्हणून फुलांच्या पाकळ्या वापरतात. त्या आधी भरून ठेवता येत नाहीत, त्यामुळे अशा वेळी फक्त रिकाम्या पुड्या द्यायच्या आणि तसं आधीच सांगायचं.

"आम्हीच करणार" म्हणणारं गिऱ्हाईक सोडू नका

हल्ली बरीच जोडपी म्हणतात, "आम्हाला सगळं स्वतः करायचंय." हे ऐकून ऑर्डर गेली असं समजू नका. त्यांना हौस आहे, पण गणपतीचं चित्र काढता येत नाही आणि बाजारात फिरायला वेळ नाही. त्यांना अर्धं काम विका.

कापडावर डिझाइन आखून द्या. सोबत रंग, दोन ब्रश आणि एका पानावर सोप्या सूचना. सामान ५५० रुपये, तुमचा वेळ साडेतीन तास म्हणजे २८० रुपये. वरच्याच पद्धतीने १० आणि २० टक्के धरले की किंमत येते साधारण १,१०० रुपये. ज्यांना २,१०० परवडत नाहीत त्यांच्यासाठीही हाच पर्याय. रंग घरचे भरतील. एक फूल आत्या रंगवेल, एक पान आजी रंगवेल. त्यांना आठवण मिळते आणि तुमचे साडेआठ तास वाचतात.

ऑर्डर घेण्याआधी तास मोजा

दिवाळीच्या पणत्या उरल्या तर पुढच्या वर्षी विकता येतात. लग्नाचं तसं नाही. मुहूर्ताला अंतरपाट पोहोचला नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याची किंमत शून्य. नाव जातं ते वेगळंच.

समजा घरकाम सांभाळून तुम्हाला रोज ४ तास मिळतात, आठवड्याचे ६ दिवस. म्हणजे २४ तास. यात दोन पूर्ण अंतरपाट बसतात, नाहीतर सहा किट. तिसरा अंतरपाट बसत नाही! तिथे "जमवते कसंतरी" म्हणायचं नाही. "या तारखेला किट देऊ शकते," असं म्हणायचं.

सीझनही समजून घ्या. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, पौषात अनेक घरी लग्न टाळतात आणि चातुर्मासात काम कमी होतं. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे ऐन मेच्या उत्तरार्धात मुहूर्त थांबतात आणि गर्दी त्याच्या आधी-नंतर होते. दरवर्षी पंचांग समोर ठेवूनच सामान भरा. रिकाम्या महिन्यांत गोंडे, टॅग, लेस कापून ठेवा.

माझी चूक, तुमचा नियम

माझ्या पहिल्याच पैशाच्या ऑर्डरला मुलीचं नाव व्हॉट्सॲपवर इंग्रजी अक्षरांत आलं. मी रंगवलं "रुतुजा". घरचे लिहितात "ऋतुजा". फॅब्रिक रंग धुऊन जात नाही. नवीन कापड आणलं, दोन रात्री जागले आणि त्या ऑर्डरमध्ये मला खिशातून पैसे घालावे लागले. त्या दिवसापासून माझे चार नियम आहेत :

१. नावं आणि तारीख देवनागरीत लिहून घ्यायची. पत्रिका छापली असेल तर तिचा फोटो मागायचा.

२. रंग भरण्याआधी आखलेल्या डिझाइनचा फोटो पाठवायचा आणि "बरोबर आहे" असं उत्तर आल्यावरच ब्रश उचलायचा.

३. निम्मे पैसे आधी घ्यायचे. नाव टाकलेली वस्तू दुसऱ्या कुणाला विकता येत नाही.

४. लग्नाच्या निदान सात दिवस आधी वस्तू द्यायची. आपल्या वहीत तीच शेवटची तारीख, लग्नाची नाही.

आणि हो, धंदा नियमित व्हायला लागला की उद्यम नोंदणी करून घ्या. सरकारी पोर्टलवर ती पूर्णपणे मोफत आहे. त्यासाठी कुणी फी मागत असेल तर देऊ नका.

आज एवढंच करा

तुम्ही करता त्यातली एक वस्तू घ्या. मोबाईलवर घड्याळ लावा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एक नग पूर्ण करा. बाजारात गेलेला वेळही धरा. मग वहीत तीन ओळी लिहा : सामान किती, तास किती, तासाला किती सुटले. आकडा बघून वाईट वाटलं तरी चालेल. आज वहीत वाईट वाटलेलं परवडतं, सीझन संपल्यावर वाटलेलं परवडत नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत शिकत राहा, करत राहा!